वाकायला लावणारी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. खिडकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वारा, उजेड, समोरचं एखादं झाड येईल. मी त्या जातीची नाही. मी मलावी देशातल्या एका जिल्हा कचेरीतली कामाची खिडकी. आतल्या बाजूला कारकून, बाहेरच्या बाजूला लोक आणि दोघांच्या मध्ये मी. जन्माचा दाखला हवा असेल, मृत्यूची नोंद करायची असेल, तर माझ्यापुढे यावंच लागे. इतकी माणसं माझ्यापुढे आली, तरी कुणाला माझी आठवण येत असेल असं मला वाटत नाही. येत असली तरी चांगली नसणार.

माझं लाकूड मात्र उत्तम आहे. जोंबाच्या डोंगरउतारावर म्बावाचं एक झाड होतं, लालसर, कणखर, वाळवीलाही दाद न देणारं. त्यातून साईदी म्बलामे नावाच्या सुताराने मला घडवलं. साईदीचा हात फार सफाईचा. त्याने माझ्या कडा इतक्या गुळगुळीत केल्या की कुणाच्या बोटात कुसळ जाऊ नये. मला भिंतीत बसवायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतः भिंतीला टेकून उभं राहून छातीच्या उंचीवर खूण केली. त्या काळी तिथे गोऱ्या साहेबांचं राज्य होतं. साहेब आला, त्याने हातातली काठी साईदीच्या कमरेशी टेकवली आणि म्हणाला, इथे.

साईदी म्हणाला, "साहेब, इतकी खाली लावली तर माणसाला वाकून बोलावं लागेल."

साहेब म्हणाला, "त्यासाठीच."

साईदीने मग तिथेच भिंत फोडली. माझं तोंडही साहेबाने दीड वीत उंचीचंच ठेवायला लावलं. वर जाड फळी, खाली कागद ठेवायला पाट, आणि खाली-वर सरकणारी एक झडप. आत खुर्चीवर बसलेल्या माणसाला बाहेरच्याचे फक्त हात दिसत. बाहेरच्याला आतल्याचे हात आणि शाईची दौत दिसे. चेहरा बघायचा तर दोघांनीही वाकायला हवं, आणि आतला माणूस कशाला वाकेल?

पुढे राज्य बदललं. नवा झेंडा लागला, कचेरीच्या अंगणात दिवसभर ढोल वाजले, बायकांनी नाचून धूळ उडवली. मला वाटलं, आता कुणीतरी येईल, मला भिंतीतून काढील आणि हातभर वर बसवील. साहेबाच्या खुर्चीवर आपला माणूस बसला. लोकांनी त्याच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा आणि ऊस आणला. तोसुद्धा भला माणूस होता. पण मला वर घेण्याबद्दल कुणी बोललं तेव्हा म्हणाला, राहू दे, रांगेला शिस्त राहते. तेव्हापासून मी तिथेच राहिले. गोरा साहेब गेला, त्याची काठी मात्र माझ्या रूपाने भिंतीत राहिली.

वर्षं जात होती आणि कचेरीत खिडक्या वाढत होत्या. एका जन्माच्या दाखल्यासाठी आधी मुखियाची चिठ्ठी, मग दवाखान्याचा कागद, मग मी, मग तिकीट चिकटवणारी खिडकी, मग अंगण ओलांडून सहीची खिडकी, आणि शेवटी पुन्हा मी. एका खिडकीला दुसरीचा पत्ता नसे. कागद इकडून तिकडे न्यायला लुफेयोबाबा नावाचा एक शिपाई होता. तो संथ चाले, कारण घाई करून उपयोग नसतो हे त्याला माहीत होतं.

डायसन कचाले माझ्या आत कारकून म्हणून आला तेव्हा अगदी तरुण होता. मित्रांनो, त्याच्याबद्दल मला नीट सांगायचं आहे, कारण तो वाईट माणूस नव्हता. पहिल्या वर्षी तो आपली हनुवटी माझ्या पाटावर टेकवून बाहेरच्या माणसाकडे बघायचा. म्हातारी कुणी असली तर म्हणायचा, "आजी, तुम्ही नका वाकू, मी वाकतो." शेजारच्या खिडकीतले जुने कारकून हसायचे. म्हणायचे, याची मान चार दिवसांत आखडेल.

मान आखडली ती चार दिवसांत नाही, पण आखडली. समोरची रांग कधी संपत नसे. पगार उशिरा होई. सहीचा साहेब जागेवर नसे आणि त्याच्या वाटचे शिव्याशाप कचालेला ऐकावे लागत. हळूहळू त्याने खाली वाकणं सोडलं. मग वर बघणं सोडलं. मग त्याच्या तोंडात एकच शब्द बसला: उद्या. लोक त्याला पाठीमागे 'उद्यासाहेब' म्हणू लागले. ते त्याला ठाऊक होतं. सुरुवातीला त्याला लागायचं, नंतर तेही थांबलं. माझ्या पाटावर समोरचे हात येत, तो कागद चाळे, एखादा कमी निघे, तो कागद परत ढकले आणि ते हात निघून जात. मी मध्ये होते. सगळं माझ्या अंगावरून जाई.

मध्यंतरी सुधारणा आली होती, नाही असं नाही. राजधानीहून पांढऱ्या मोटारी आल्या. कारकुनांना दोन दिवस एका हॉटेलात नेऊन चहा-बिस्किटं दिली, भाषणं झाली. माझ्या डोक्यावर एक चकचकीत फलक लागला: 'आपली सेवा हाच आमचा अभिमान.' मला निळा रंग दिला. रंग वाळेपर्यंत कचेरी बंद होती आणि लोक त्या फलकाखाली बसून होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, भिंत दुभंगावी आणि आपण आत गडप व्हावं.

ज्या वर्षाची गोष्ट मला सांगायची आहे, त्या वर्षी सप्टेंबरात फार उकाडा होता. जॅकरंडाची जांभळी फुलं ओवरीभर पडलेली असायची. एक म्हातारी बाई आपल्या नातीचा जन्मदाखला मागायला आली. तिचं नाव एनेलेसी. नात फातसानी. हुशार पोर, दूरच्या सरकारी निवासी शाळेत तिचा नंबर लागला होता. शाळा उघडण्याआधी दाखला द्यायचा होता, नाहीतर जागा जाणार होती. एनेलेसी सायकलच्या मागे बसून, पुढचा रस्ता पायी चालत आली होती. कमरेला गुंडाळलेल्या चितेंजे कापडाच्या गाठीतून तिने कागद काढले आणि माझ्यासमोर वाकली.

आतून आवाज आला, "दवाखान्याचा कागद?"

म्हातारी एकदम हसली. सगळं तोंड उजळलं तिचं. ती आणखी वाकली, काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात कागद तिच्या बोटांवर आपटून परत आले.

"हा नाही चालत. शिक्का पुसट आहे. दुसरा आणा. उद्या."

तिचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. ती सरळ झाली आणि ओवरीच्या पायरीवर जाऊन बसली. शेजारी बसलेली एक बाई तिला म्हणाली, "अगं, भांड की त्याच्याशी. भांडल्याशिवाय इथे काही मिळत नाही."

एनेलेसी म्हणाली, "मी ओळखते त्याला. मीच वाढवलंय. म्हणून तर माझ्याने बोलवत नाही."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. कचालेची आई तो लहान असताना वारली होती. त्याला आईच्या थोरल्या बहिणीने वाढवलं होतं. हे तो लुफेयोबाबाला कितीदा सांगायचा: मोठी आई स्वतः उपाशी राहायची, पण माझ्या शाळेच्या सदऱ्याला इस्त्री असायची. त्या मोठ्या आईचे हात आत्ताच माझ्या पाटावर येऊन गेले होते. ज्या हातांनी त्याला भरवलं ते हात त्याने पाहिले आणि कागद परत ढकलले. मला बोलता आलं असतं तर! पण मला तोंड होतं ते दीड वीतच, आणि त्याला जीभ नव्हती.

ती पुन्हा आली. शिक्का ठळक होता, पण आता मुखियाची चिठ्ठी जुनी झाली होती. आणखी एकदा आली, तेव्हा तिची पाळी आली आणि जेवणाची वेळ झाली. कचालेने झडप सोडली. तिने बोटं कशीबशी मागे घेतली. झडप माझीच. तो आवाज अजून माझ्या लाकडात आहे.

त्याच दिवसांत जिल्ह्याला नव्या मुख्य अधिकारी आल्या, तादाला न्यिरोंगो. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी काय केलं, तर एका बाईचा कागद हातात घेऊन त्याच्याबरोबर खिडकी-खिडकी फिरल्या. मग सगळ्यांना माझ्यासमोरच्या ओवरीत बोलावलं आणि सांगितलं की खिडक्या बंद करायच्या, भिंत पाडायची, एक मोठी खोली करायची. टेबलं, टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या. एका टेबलावर पूर्ण काम, एक सही.

"सहा ठिकाणी आपण एकच गोष्ट विचारतोय," त्या म्हणाल्या, "हे मूल जन्मलं का? आईच्या कडेवर ते मूल असतं, तरी विचारतोय."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना कळलं होतं की खिडक्या कमी म्हणजे माणसं कमी. सगळ्यांच्या वतीने कचाले बोलला. तोच सगळ्यांत जुना होता.

"मॅडम, सुधारणा आम्ही पाहिल्यात. ती बघा, डोक्यावर टांगलेली आहे. तुम्ही लोक येता, बदलून जाता. नंतर शिव्या खायला आम्हीच असतो. आम्ही काम बंद करू."

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खुशाल करा. पण त्याआधी सकाळी सगळ्यांनी रांगेत उभं राहून आपल्याच खिडकीवर एक कागद मागायचा. आत दुसरं कुणी बसेल. मीही रांगेत असेन. एवढं करा, मग काम बंद करा."

दुसऱ्या सकाळी कचाले टाय बांधून, कपाळाला आठ्या घालून रांगेत उभा राहिला. लोक बाजूला होऊन त्याला पुढे जागा देऊ लागले. मॅडम म्हणाल्या, नाही, शेवटी. ऊन चढत गेलं. टाय त्याने हळूच सैल केला. आत हिशेबाच्या खोलीतला एक पोरगेला कारकून बसवला होता. तोही तेच प्रश्न विचारत होता, त्याच आवाजात. ते प्रश्न आता कारकुनांच्या घशातून आपोआप येत होते.

कचालेच्या पुढे दोन माणसं सोडून एक पाठमोरी म्हातारी होती. तिची पाळी आली. ती माझ्यासमोर वाकली. या वेळी मोडूनच वाकली.

"मुखियाची चिठ्ठी?"

"ही घे, बाळा. मागच्या वेळी जुनी झाली होती, आता नवी आहे. आता दवाखान्याची जुनी झाली का बघ."

रांगेतले लोक हसले. कचाले हसला नाही. त्याने तो आवाज ऐकला आणि तो रांग मोडून पुढे आला. मी त्याचा चेहरा बाहेरच्या बाजूने प्रथमच पाहत होते.

"मोठी आई? तू इथे कशी?"

ती सरळ होईना, कंबर धरली होती. त्याने हात देऊन तिला उभं केलं.

"फातसानीच्या दाखल्यासाठी आले."

"मग मला सांगायचं नाहीस का? मी इथे आतच बसतो की. एका शब्दात काम झालं असतं."

"सांगायला तर आले होते," ती म्हणाली. "तू म्हणालास, उद्या."

मॅडम दुसरीकडे बघू लागल्या. कचाले म्हणाला, "कधी? मी? तुला?" म्हातारीने राग केला नाही, आवाज चढवला नाही. राग केला असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, आत दुसराच कुणी असेल," ती म्हणाली. "तुझा आवाज घेऊन बसलेला."

कचाले माझ्या पाटावर हात टेकून उभा राहिला. मला ते हात चांगले ओळखीचे. त्या दिवशी ते बाहेरच्या बाजूने आले होते. मग त्याने तिचे कागद घेतले आणि स्वतः खिडकी-खिडकी धावला. सहीच्या साहेबाला त्याने चहाच्या टपरीवरून ओढून आणलं म्हणे. दुपारच्या आत दाखला एनेलेसीच्या हातात होता. पण शाळा आधीच्याच आठवड्यात उघडली होती.

म्हातारी आणि नात यांना घेऊन तो बसने त्या शाळेत गेला. परत आल्यावर लुफेयोबाबाशेजारी माझ्याजवळच्या बाकावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मुख्याध्यापिका चांगली होती. तिने खुर्ची दिली, पाणी विचारलं. म्हणाली, तुमची मुलगी हुशार आहे, पण जागा दुसऱ्या एका मुलीला दिली, ती येऊन राहिली, तिने पलंगावर चादरही घातली. तिला काढू का? परत येताना बसमधून उतरल्यावर फातसानीने एवढंच विचारलं, "मामा, तुम्ही रोज किती जणांना परत पाठवता?"

"काय सांगितलंस तिला?" लुफेयोबाबाने विचारलं.

"काही नाही. मी कधी बघितलंच नाही ना."

पुढच्या बैठकीत कारकुनांनी पुन्हा संपाची भाषा काढली. या वेळी कचाले उभा राहिला आणि म्हणाला की पहिली खिडकी माझी काढा. काही जण त्याला फितूर म्हणाले. एकाने तर टोमणा मारला, "म्हातारीने कान पिळला वाटतं." तो म्हणाला, "पिळला असता तर बरं झालं असतं," आणि खाली बसला.

मला भिंतीतून काढलं तेव्हा कचालेने स्वतः पहार धरली होती. भिंत पडली आणि ज्या जागी मी जन्मभर अंधार धरून होते तिथे उजेडाचा मोठा चौकोन पडला. नव्या खोलीत माणसं खुर्चीवर बसून बोलू लागली. दाखला बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळू लागला. एनेलेसी काही कामासाठी आली की कचाले तिला टेबलापाशी बसवी, पण पुन्हा कधी ती पूर्वीसारखी हसली नाही. फातसानी गावातल्याच शाळेत जाऊ लागली. अंगणातून जाताना ती कचेरीकडे बघत नसे. सुधारणा झाली, पण त्या पोरीची जागा कुणी परत दिली नाही.

आणि सगळंच चांगलं झालं असंही मी सांगणार नाही. खिडक्या गेल्या तशी कागद वाहणाऱ्याची गरज गेली. लुफेयोबाबाला घरी पाठवलं. मॅडम म्हणाल्या होत्या की दुसरं काही बघू. त्यांची बदली झाली आणि ते बघणं राहून गेलं. नंतर तो फाटकाबाहेर तेलात तळलेल्या पिठाच्या गोड मंडासी विकत असे. कचाले रोज त्याच्याकडून घेई आणि कधी उधारी ठेवत नसे. दोघं फारसं बोलत नसत.

आता कचालेही निवृत्त झाला. मी कचेरीच्या मागच्या पडवीत मोडक्या खुर्च्यांशेजारी उभी आहे. निळ्या रंगाचे पोपडे निघालेत आणि आतलं लाल लाकूड पुन्हा दिसू लागलंय. इतर जुन्या वस्तू तुम्हाला म्हणाल्या असतील की आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी विनवणी उलटी आहे.

परवा शेजारच्या जिल्ह्यातून एक साहेब आले होते. नव्या कचेरीत गर्दी फार होते म्हणाले, काहीतरी आडोसा हवा. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, सुताराच्या हाताची तारीफ केली, फीत लावून माझं माप घेतलं. "अस्सल म्बावा," ते म्हणाले, "आजकाल असं लाकूड मिळत नाही. वाया कशाला घालवायचं?" आणि आमच्या कचेरीतली माणसं मान डोलावत होती.

मित्रांनो, चांगलं लाकूड आणि चांगला सुतार असून काय झालं ते मी तुम्हाला सांगितलं. कचेरी ही लोकांच्या सोयीसाठी असते. ती रोज थोडीथोडी बिघडते आणि रोज थोडीथोडी दुरुस्त करावी लागते, विहिरीतला गाळ काढतात तशी. तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होऊन टेबलामागे बसलं, तर समोरच्या हातांच्या वर एक चेहरा असतो, तो बघा. आणि तुमच्यापैकी कुणाची त्या साहेबांशी ओळख असेल तर त्यांना सांगा, मला नेऊ नका. कुठल्याच भिंतीत, कुठल्याच उंचीवर मला बसवू नका.

त्यापेक्षा मला फोडा. पडवीपलीकडे कचेरीच्या बायका दुपारी मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा घाटतात, सरपण नेहमी ओलं म्हणून कुरकुरतात. मी कोरडी आहे, चांगली पेटेन. एका वेळचं अन्न माझ्यावर शिजेल. बायका पंगतीला बसतील, ताठ बसून जेवतील. तेवढं झालं तर पुरे.